दत्तक बाळाचे अनोळखी महिने



लहान मुलाला प्रथमच तपासताना डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतात. जन्माच्या वेळी वजन किती होते? बाळ जन्मल्याबरोबर रडले का? कावीळ झाली होती का? मान कधी धरली, पालथे कधी पडले, पहिला दात कधी आला? माझा अनुभव असा, की या प्रश्नांची उत्तरे आईपेक्षा आजीच अधिक नेमकेपणाने देते. ‘गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पालथी पडली,’ अशी तिची कालगणना असते आणि ती क्वचितच चुकते. घराघरांतील आजी-आजोबा म्हणजे नातवंडांच्या आरोग्याची चालतीबोलती नोंदवहीच असते.

परंतु जे मूल चौदा महिन्यांचे होऊन, दुसऱ्या देशातून, दत्तक म्हणून घरात आले, त्याच्याविषयी हेच प्रश्न विचारले की सारे घर गप्प होते. त्या चौदा महिन्यांचा साक्षीदार घरात कोणीच नसतो. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत. त्यांतील काहींनी भारतातून, तर काहींनी अन्य देशांतून मूल दत्तक घेतले आहे. नातवंड सांभाळण्यासाठी सहा-सहा महिने तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना या कोऱ्या पानांना रोज सामोरे जावे लागते. मूल रात्री दचकून उठते, पोळीचा तुकडा उशीखाली लपवते, अनोळखी माणसाचे बोट धरून चालू लागते. हे असे का, याचे उत्तर बहुधा त्या न पाहिलेल्या महिन्यांत दडलेले असते.

ते महिने परत आणता येत नाहीत. मात्र त्यांच्याविषयी जे जे कळू शकते ते शोधणे, तपासून घेणे आणि योग्य वेळी त्या मुलाच्या स्वाधीन करणे हे कुटुंबाच्या हाती असते. ते कसे करावे आणि त्यात आपल्यासारख्या ज्येष्ठांचा वाटा कोणता, हे या लेखात पाहू.

रुमानियातील बालगृहे

या विषयाचे आजचे शास्त्रीय ज्ञान प्रामुख्याने एका देशाच्या दुःखातून आले आहे. १९६६ साली रुमानियात चाउशेस्कू यांच्या राजवटीने फर्मान क्रमांक ७७० काढून गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. गर्भनिरोधनाची साधनेही दुर्मीळ झाली. देशाची लोकसंख्या वाढावी, हा हेतू होता. पोसण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबांनी आपली मुले सरकारी बालगृहांत ठेवण्यास आरंभ केला. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, परदेशी वार्ताहर आत शिरले आणि एक लाखाहून अधिक मुले अशा संस्थांत असल्याचे जगाला कळले. त्यांतील पुष्कळांचे आई-वडील हयात होते.

ती दृश्ये पाहून ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स अशा देशांतील अनेक दांपत्ये रुमानियाला गेली आणि मूल घेऊन परतली. त्यांच्या हाती फारसे काही आले नव्हते. एक नाव, एक जन्मतारीख आणि दोन-चार शिक्क्यांचे कागद. बाळ कसे वाढले, हे त्यांना हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. अनेक बाळांचा बहुतेक दिवस गजांच्या पाळण्यात जात असे. खेळणी नसत, बोलणारे कोणी नसे. मोठ्या भोकाची दुधाची बाटली उशीला टेकवून तोंडात दिली जाई आणि तिच्यातूनच पातळ पेज पाजली जाई. आंघोळ म्हणजे बहुधा नळीने थंड पाणी मारणे.

पुष्कळ मुले घरी आल्यावर रडत नसत. प्रथम हे शहाणपणाचे लक्षण वाटे. मग ध्यानात आले, की रडल्यावर कोणी येत नाही, हे पुन्हा पुन्हा अनुभवलेले बाळ रडणेच सोडून देते. ताप आला तरी ते हाक मारत नाही, पडले तरी कुशीत धावत नाही. काही मुलांना घन अन्न चावता येत नसे, कारण बाटलीखेरीज दुसरे अन्न त्यांनी पाहिलेच नव्हते. पालकांना हा हट्ट वाटे. प्रत्यक्षात ती त्या मुलाची एकमेव शिकवण होती. मुलाचा भूतकाळ कळल्याने त्याच्या वागण्याचा अर्थ बदलतो आणि अर्थ बदलला की घरातील माणसांची वागणूकही बदलते.

संशोधनाने काय दाखवले?

१९९० ते १९९२ या काळात रुमानियातून इंग्लंडमध्ये दत्तक आलेल्या १६५ मुलांचा अभ्यास प्रख्यात बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतला. तुलनेसाठी ब्रिटनमध्येच जन्मलेली, सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली ५२ मुले निवडली. या सर्वांची ६, ११ आणि १५ व्या वर्षी, तसेच तारुण्यात प्रवेश केल्यावर पुन्हा तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यांतील तीन गोष्टी प्रत्येक दत्तक कुटुंबाने जाणून घ्याव्यात अशा आहेत. पहिली, जी मुले संस्थेत सहा महिन्यांपेक्षा कमी काळ राहिली, ती पुढे इतर मुलांच्या जवळपास बरोबरीने वाढली. दुसरी, सहा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्या मुलांत एकाग्रतेचा अभाव, परक्यांशी अवाजवी सलगी आणि स्वमग्नतेसारखी काही लक्षणे अधिक प्रमाणात आढळली व ती तारुण्यापर्यंत टिकली. बुद्धीची मंदगती मात्र बहुतेकांत वयाबरोबर भरून निघाली. तिसरी गोष्ट सर्वांत दिलासा देणारी आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ त्या हालअपेष्टांत काढलेल्या मुलांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या मुलांत कोणत्याही तपासणीत कसलीच अडचण आढळली नाही.

रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्ट येथे, २००० सालानंतर दुसरा अभ्यास झाला. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी संस्थांतील १३६ बाळांपैकी निम्म्या बाळांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवडून प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची क्षमता संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली वाढली. आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना त्याचा लाभ अधिक झाला.

म्हणून ‘बाळ किती महिन्यांचे असताना आले आणि त्याआधी कोठे, कोणाजवळ होते’ हा प्रश्न डॉक्टर नुसत्या कुतूहलापोटी विचारत नसतात. रुग्णालयाच्या बालकक्षात काढलेले तीन महिने, पालक-कुटुंबात काढलेले तीन महिने आणि तीस पाळण्यांच्या दालनात काढलेले तीन महिने या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मात्र मोठ्या समूहाचा निष्कर्ष म्हणजे आपल्या नातवंडाची कुंडली नव्हे, हेही मनाशी पक्के असू द्यावे.

शरीर जपून ठेवते ते

संस्थेत वाढलेल्या मुलांची उंची मागे पडते. दत्तक मुलांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांना असे आढळले आहे, की संस्थेतील साधारण दर तीन महिन्यांमागे उंचीची एक महिन्याची वाढ हुकते. केवळ अन्न कमी पडते म्हणून हे घडत नाही. सततच्या ताणाने शरीरातील संप्रेरकांचे संतुलन बिघडते. स्पर्श आणि मायेची हाक न मिळालेल्या बाळाची वाढ पुरेसे अन्न मिळूनही खुंटू शकते. घर मिळाले की बहुतेक मुले झपाट्याने वाढतात. आजीच्या हातच्या वरणभाताला याचे सारे श्रेय दिले जाते. त्यातील निम्मे श्रेय भरवणाऱ्या त्या हाताला द्यावे.

या भरून निघणाऱ्या वाढीची एक बाजू मात्र पालकांना क्वचितच ठाऊक असते. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा तेथील डॉक्टरांनी अभ्यास केला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या मुलींना पहिली पाळी येण्याचे मध्यक वय ११.६ वर्षे आढळले. स्वीडिश मुलींचे ते सुमारे १३ वर्षे होते. काही मुलींना तर याहून पुष्कळ लवकर पाळी आली. बालपणीचे कुपोषण आणि त्यानंतरची वेगवान वाढ यांचा याच्याशी संबंध असावा, असे मानले जाते. पाळी लवकर आली की उंचीची वाढही लवकर थांबते. म्हणून मुलीत आठ वर्षांच्या आणि मुलात नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणे दिसू लागली, तर ‘खाण्यापिण्यामुळे असेल’ असे म्हणून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. जन्मतारीख अंदाजे लिहिलेली असेल तर तेही त्यांना सांगावे.

त्वचेवरही काही नोंदी असतात. आपल्याकडील पुष्कळ बाळांच्या कमरेवर आणि पाठीवर निळसर-काळे डाग जन्मतः असतात आणि शाळेत जाण्याच्या वयापर्यंत ते बहुधा मावळतात. हे आपल्या आज्यांना ठाऊक असते. युरोप-अमेरिकेतील पाळणाघरात मात्र तो डाग माराचा वळ वाटू शकतो आणि कुटुंबामागे चौकशीचा ससेमिरा लागू शकतो. म्हणून पहिल्याच तपासणीत डॉक्टरांकडून त्याची लेखी नोंद करून घ्यावी. डाव्या दंडावरील बीसीजीच्या व्रणाचेही तसेच. तो व्रण असलेल्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी लसीमुळेही सकारात्मक येऊ शकते. अशा वेळी रक्ताची चाचणी अधिक उपयोगी पडते.

पहिल्या काही आठवड्यांतील तपासण्या

मूल दुसऱ्या देशातून घरी आले की दोन आठवड्यांच्या आत त्याची सविस्तर तपासणी व्हावी. आजारी असेल तर लगेच. तिच्यात सामान्यतः पुढील गोष्टी येतात.

• वजन, उंची आणि डोक्याचा घेर. पुढील भेटींत याच मापांची तुलना.
• हिमोग्लोबिन, लोह, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड.
• हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, सिफिलिस आणि क्षय. संसर्ग अलीकडचा असेल तर पहिली चाचणी निर्दोष येऊ शकते. म्हणून काही चाचण्या सहा महिन्यांनी पुन्हा करतात.
• जंतांसाठी शौच तपासणी.
• मूळ देशानुसार थॅलसेमिया, सिकलसेल यांसारख्या आनुवंशिक रक्तदोषांची चाचणी.
• रक्तातील शिशाचे प्रमाण.
• कान आणि डोळे. ऐकू कमी येणारे मूल ‘हट्टी’ ठरवले जाण्याची शक्यता फार असते.

लसीकरणाचे कार्ड मिळाले असेल तर ते जपावे, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. तारखा जुळत नसतील तर प्रतिपिंडांची चाचणी करता येते किंवा लस पुन्हा देता येते; बहुतेक लसी पुन्हा दिल्याने अपाय होत नाही. मुलाला हिपॅटायटिस बी असल्याचे आढळले तर घाबरून त्याला दूर ठेवण्याचे कारण नाही. घरातील सर्वांनी, आजी-आजोबांसह, तपासणी करून लस घ्यावी. मग ते मूल मांडीवर घेऊन खुशाल भरवावे.

‘त्याला उचलू नका’ असे सून म्हणाली तर

माझ्याकडे रक्तदाबाच्या उपचारासाठी येणाऱ्या एक आजी परदेशातून परतल्यावर फार खिन्न होत्या. मुलाने आणि सुनेने दीड वर्षाची मुलगी दत्तक घेतली होती. आजी हौसेने गेल्या. विमानतळावरून घरी पोहोचताच सुनेने हात जोडून सांगितले, ‘आई, पहिले काही महिने तिला आम्हीच भरवू, आम्हीच झोपवू. तुम्ही रागावू नका.’ आजी म्हणाल्या, ‘डॉक्टर, मी काय परकी आहे? चार नातवंडे वाढवली मी या हातांनी.’

त्यांचे दुःख खरे होते आणि सुनेचे म्हणणेही योग्य होते. ज्या बाळाला पाळीपाळीने बदलणाऱ्या दहा हातांनी वाढवले आहे, त्याला ‘आपले माणूस’ म्हणजे काय, हे प्रथमच शिकायचे असते. भूक लागली, दुखले, भीती वाटली की हीच दोन माणसे येतात, हा अनुभव त्याला शेकडो वेळा यावा लागतो. त्या काळात जो येईल त्याने उचलले, तर बाळ सर्वांकडे हसत जाते आणि कोणाचेच होत नाही. परक्या माणसाकडे सहज जाणारे मूल ‘माणसाळलेले’ वाटते. या मुलांच्या बाबतीत मात्र तोच काळजीचा विषय असू शकतो.

मी त्या आजींना सांगितले, की या महिन्यांत आपण बाळाच्या आईला सांभाळावे. स्वयंपाक, कपडे, किराणा आपण पाहिला तर तिचे दोन्ही हात बाळासाठी मोकळे राहतात. बाळाजवळ बसावे, बोलावे, गुणगुणावे. पण भरवण्यासाठी, दुखल्यावर समजूत घालण्यासाठी ते आई-वडिलांकडे द्यावे. आईशी नाते जडले की आजीकडे यायची वाट त्यातूनच उघडते.

अन्न लपवणाऱ्या मुलाला ओरडू नये. त्याच्या हाताला येईल अशा ठिकाणी एका वाटीत चुरमुरे, केळे किंवा बिस्किट ठेवावे आणि ती वाटी कधी रिकामी राहू देऊ नये. ‘अन्न उद्याही असणार आहे’ हा विश्वास बसायला काही महिने लागतात. झोपताना अंग झुलवणारे मूल स्वतःच स्वतःला थोपटत असते; शेजारी बसून तेच काम आपल्या हाताने करावे. असे वर्तन कमी होण्याऐवजी वाढत असेल, किंवा मूल दुखले-खुपले तरी कोणाकडेच जात नसेल, तर बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

विसरलेल्या भाषेचा ठसा

‘एवढ्या लहान वयातले त्याला काय आठवणार?’ असे आपण सहज म्हणतो. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने याचे सुंदर उत्तर दिले आहे. चीनमध्ये जन्मलेल्या आणि साधारण वर्षाच्या असताना फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांत दत्तक गेलेल्या मुलींचा त्यात अभ्यास होता. त्यांची वये आता ९ ते १७ होती आणि चिनी भाषेचा एक शब्दही त्यांना येत नव्हता. तरीही चिनी भाषेतील स्वरांचे चढउतार ऐकवताच त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद चिनी जाणणाऱ्या मुलींसारखाच आला; केवळ फ्रेंच जाणणाऱ्या मुलींत तसा तो दिसला नाही. आठवण पुसली गेली होती, ठसा राहिला होता.

म्हणून बाळ ज्या भाषेत, ज्या आवाजांत वाढले, त्यांतील काही घरात आणता आले तर अवश्य आणावे. ओडिशातून अमेरिकेतील मराठी घरात आलेल्या बाळासाठी दोन उडिया अंगाईगीते शिकणे फार अवघड नाही. संस्थेतून निघताना बाळाचे वापरातले दुपटे मागून घ्यावे आणि काही दिवस धुऊ नये. ओळखीचा वास हाही बाळाला धीर देतो. बाळाला भात आवडे की पेज, कोणत्या कुशीवर झोपे, कोणत्या नावाने हाक मारत, हे सांभाळणाऱ्या मावशींना तेथेच विचारून लिहून घ्यावे. वर्षभराने त्या मावशी तेथे असतीलच असे नाही.

कागदपत्रे: मिळवावीत, पडताळावीत

भारतातून परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांसाठी १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. वकील पांडे यांच्या एका पत्राचीच न्यायालयाने याचिका म्हणून दखल घेतली होती. पुढे १९९३ साली हेग येथे आंतरदेशीय दत्तकविधानाचा करार झाला आणि २००३ साली भारत त्यात सामील झाला. मुलाच्या मूळाविषयीची, विशेषतः जन्मदात्यांची ओळख आणि वैद्यकीय इतिहास यांविषयीची माहिती जतन करणे आणि कायद्याच्या मर्यादेत ती मुलाला मिळू देणे, हे या करारातील कर्तव्य आहे. आपल्याकडे हे काम केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ‘कारा’, पाहते. दत्तक देताना बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल पालकांना मिळतात. ते मुलाच्या डॉक्टरांनाही वाचायला द्यावेत. २०२२ च्या नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती आपल्या मूळाच्या शोधासाठी स्वतः अर्ज करू शकते. त्याआधी पालकांसह अर्ज करावा लागतो. अर्थात जन्मदात्यांच्या गोपनीयतेचाही त्यात मान राखला जातो. परस्पर कोणा मध्यस्थाकडून असा शोध घेण्यास परवानगी नाही.

कागद अधिकृत असला तरी तो खराच असतो, असे मात्र नाही. दक्षिण कोरियातून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सव्वा लाखाहून अधिक मुले अमेरिका आणि युरोपात दत्तक गेली. तेथील सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले, की अनेकांच्या नोंदी बनावट होत्या. पालक असलेल्या मुलांची नोंद अनाथ म्हणून केली गेली होती आणि काहींची तर ओळखच बदलली गेली होती. पन्नाशीला पोहोचलेल्या माणसांना आपण डॉक्टरांना आजवर सांगत आलेला जन्मवृत्तांत आपला नव्हताच, हे कळले. म्हणून वैद्यकीय सल्ला एवढाच, की कागदावरील माहिती उपयोगात आणावी, पण जे चाचणीने तपासता येते ते तपासूनच घ्यावे. आणि ‘आनुवंशिक आजार नाहीत’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ पुष्कळदा ‘कोणी विचारले नाही’ एवढाच असतो.

पुण्याशी नाते असलेले एक उदाहरण अनेकांना ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाचे नेतृत्व केलेल्या लिसा स्थळेकर यांचा जन्म १९७९ साली पुण्याचा. ‘श्रीवत्स’ या संस्थेतून अवघ्या तीन आठवड्यांच्या असताना त्या दत्तक गेल्या. त्यांचे वडील मूळचे मुंबईचे, आई इंग्रज. पुढे मोठेपणी त्या पुण्यातील त्या संस्थेला भेट देऊन आल्या. कीर्ती मिळाल्यानंतरही माणसाला आपले पहिले घर पाहावेसे वाटते आणि त्याने दत्तक आई-वडिलांशी असलेले नाते उणे होत नाही.

सांगावे केव्हा, कोणी, किती?

उशिरा कळलेल्या जन्मरहस्याची किंमत आपल्याला महाभारताने पूर्वीच दाखवली आहे. कर्णाला कुंतीने सत्य सांगितले ते युद्ध तोंडावर आल्यावर. तोवर तो पूर्णपणे राधेय झाला होता आणि ते ज्ञान त्याच्या कोणत्याच उपयोगाचे उरले नव्हते. मुलाला ‘तू दत्तक आहेस’ हे सांगण्यासाठी मोठा मुहूर्त शोधू नये. त्याला गोष्टी कळू लागतात तेव्हापासूनच ‘तू विमानातून आमच्याकडे आलास’ ही गोष्ट घरात असावी. वाढत्या वयाबरोबर तिच्यात एकेक तपशील जोडत जावे. शाळेत ‘माझे बालपण’ असा निबंध आला की त्याच्याकडे लिहायला काहीतरी असले पाहिजे.

या बाबतीत आपल्यासारख्या ज्येष्ठांना काही पथ्ये पाळावी लागतील. ‘खरी आई’ असा शब्द वापरू नये. ‘जन्मदाती आई’ म्हणावे. तिच्याविषयी वाईट बोलू नये. ‘आम्ही आणले म्हणून वाचलास’ असे गमतीनेही म्हणू नये. उपकाराच्या ओझ्याखाली मूल प्रश्न विचारणे सोडते. बाळ कोठे सापडले, जन्मदातीला कोणता आजार होता, अशा गोष्टी आपल्या कानावर आल्या असतील तर त्या लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना सांगण्यासाठी नाहीत. ती त्या मुलाची मालमत्ता आहे. सर्वांत आधी ती त्यालाच, त्याच्या आई-वडिलांकडून कळावी.

तारुण्यात मूल आपल्या मूळाचा शोध घेऊ लागले की काही आजी-आजोबांना वाटते, ‘आमचे प्रेम कमी पडले.’ तसे नसते. त्याला मधुमेहाचा धोका आहे का, आपले डोळे कोणासारखे आहेत, आपल्याला पहिल्या दिवशी कोणी कुशीत घेतले होते, हे प्रश्न आपल्याला कधी पडले नाहीत, कारण त्यांची उत्तरे आपल्याला न मागता मिळाली होती.

शेवटी एक काम सुचवतो. घरात दत्तक नातवंड असेल, तर एक जाडजूड फाइल करावी. तिच्यात अहवालांच्या प्रती, लसीचे कार्ड, पहिल्या तपासणीचे आकडे, संस्थेचे छायाचित्र, सांभाळणाऱ्या मावशींनी सांगितलेल्या गोष्टी, विमानाचे तिकीट असे सारे ठेवावे. कोणती गोष्ट कोणी आणि केव्हा सांगितली, हे प्रत्येकीपुढे लिहावे. मूळ प्रत मुलाच्या आई-वडिलांकडे राहील, दुसरी आपल्या कपाटात. आणि पहिल्या महिन्यांची पाने कोरी असली, तरी मूल घरात आले त्या दिवसापासूनची पाने आजीने स्वतःच्या हस्ताक्षरात भरावीत: पहिल्यांदा कधी रडला, कोणाच्या कुशीत शांत झाला, उशीखालची पोळी कोणत्या महिन्यात दिसेनाशी झाली. पुढे कोणी डॉक्टर विचारतील तेव्हा त्यांना आणि कधीतरी त्या मुलाला स्वतःलाही ही पाने लागणार आहेत.